काकांचा सोनोग्राफी रिपोर्ट: घरच्या ग्रुपवरची चर्चा

काका: सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड 2 आलंय, म्हणजे लिव्हरमध्ये मध्यम चरबी. एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी मात्र नॉर्मल. म्हणजे काळजी करायची की नाही?

आत्या: दादा, आठवडाभर नुसत्या फळांच्या रसावर राहा. लिव्हर साफ होतं म्हणतात.

ताई: आत्या, रस नको गं. फळ चावून खाल्लं की एकात पोट भरतं, रसाच्या एका ग्लासात मात्र तीन-चार फळांची साखर जाते आणि चोथा बाहेर राहतो. त्या साखरेतलं बरंचसं फ्रुक्टोज लिव्हरलाच निस्तरावं लागतं, आणि उरलं की त्याची तिथेच चरबी होते. शिवाय उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवलं की पित्ताचे खडे व्हायची भीती असते, स्नायूही झिजतात.

काका, एसजीपीटी नॉर्मल असूनही लिव्हरमध्ये चरबी असते, कधी व्रणही असतात, म्हणजे इजेनंतर कडक झालेले भाग. ग्रेडवरून व्रण कळत नाहीत. वय, एसजीओटी (एसजीपीटीसारखीच दुसरी रक्ततपासणी), एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून फिब-4 हा आकडा काढतात. तो 1.3 च्या खाली असेल तर वाढलेल्या व्रणांची शक्यता कमी. वर असेल तर फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय हे मोजणाऱ्या तपासणीबद्दल, डॉक्टरांना विचारा. वयाची पासष्टी उलटलेल्यांना ही मर्यादा 2 धरतात.

काका: बरं. पण मी रोज चालतोय तरी काटा हलत नाही. चालणं सोडून देऊ का? कंटाळलोय.

ताई: अजिबात सोडू नका! वजन तेवढंच राहिलं तरी व्यायामाने लिव्हरमधली चरबी कमी होते. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, इन्सुलिन नीट काम करू लागतं आणि लिव्हरकडे येणारी चरबी घटते. हे काट्यावर दिसत नाही, म्हणून लोक नेमके इथेच थांबतात. आठवड्याला 150 मिनिटं धरा, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थांबून डॉक्टरांना दाखवा.

वजनही उतरायला हवंच, पण सावकाश. 3 ते 5 टक्के उतरलं तरी चरबी घटते, 7 ते 10 टक्क्यांवर सूजही ओसरते. तुमचे 80 किलो, म्हणजे आधी 4 किलोचं बघा. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे.

काकू: तेल पूर्ण बंद करू का गं?

ताई: नको काकू. तळण कमी करा, पण आधी गोड पेयं, बिस्किटं आणि मैदा बंद. भाज्या, डाळी, कडधान्यं वाढवा. सुकामेवा मूठभर चालेल. दारू मात्र थेंबभरही नको.

काका: कॉफी?

ताई: बिनसाखरेची चालेल. कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचे व्रण कमी आढळलेत.

आत्या: मी बारीक आहे, मला तर हे होणार नाही ना?

ताई: बारीक माणसांनाही होतं, आत्या. तुला साखरेचा त्रास आहे ना, मग डॉक्टरांना विचारून तूही तपासून घे. आणि लिव्हरसाठी म्हणून कुठलीही पावडर घेऊ नकोस, काही वनस्पतींच्या अर्कांनीच लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

काका, बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉलही याच आठवड्यात तपासा. फॅटी लिव्हरवाल्यांना सगळ्यात मोठा धोका हृदयाचा असतो.

काका: उद्याच रक्त देतो. संध्याकाळी तुझी काकूही चालायला येतेय माझ्याबरोबर.