मोबाईलच्या आयआर ब्लास्टरने पॅनेलमधला मीटर वाचता येतो का?

भोसरीकर_मेंटेनन्स
कॉम्प्रेसर रूमच्या पॅनेलमध्ये एनर्जी मीटर आहे (आमचाच चेक मीटर, महावितरणचा नाही), त्याला पुढे गोल आयआर (इन्फ्रारेड) पोर्ट आहे. आत्ता शिफ्टचा माणूस वही घेऊन जातो, बटण दाबत दाबत युनिट, पीएफ (पॉवर फॅक्टर), एमडी (मॅक्सिमम डिमांड) उतरवतो आणि निम्मे आकडे चुकतात. माझ्या फोनला आयआर ब्लास्टर आहे, टीव्ही एसी सगळं चालतं त्याच्यावर, मग एखादं अॅप टाकून लांबूनच रीडिंग मिळेल का?

इन्स्ट्रुवाला
नाही रे. ब्लास्टर नुसता पाठवतो, घेत काहीच नाही, अँड्रॉइडमध्ये ४.४ पासून जी आयआरची सोय आहे तीही फक्त ट्रान्समिटची. त्यात रिमोटचा आयआर साधारण ३८ किलोहर्ट्झच्या कॅरियरवर, म्हणजे त्या वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशावर चालतो, मीटरच्या पोर्टला कॅरियरच नाही, सिरीयलचे बिट सरळ एलईडीवर. जुन्या पाम, पॉकेट पीसी अशा हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरला आयआरडीए (इन्फ्रारेडने डेटा द्यायघ्यायचा पोर्ट) असायचा, तो दोन्हीकडून बोलायचा, तीनेक फुटांवरून ११५.२ केबीपीएसपर्यंत, पण तो प्रोटोकॉल तिसराच. तुला ऑप्टिकल प्रोब लागेल, मॅग्नेटने पोर्टला चिकटतो तो. यूएसबीवाला घे, ओटीजीने फोनला लागतो.

मीटर_टेस्टिंग
+१. आणि टर्मिनल अॅपला ८एन१ (८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) ठेवून कचरा आला म्हणून प्रोब परत पाठवू नकोस 😄 आयईसी ६२०५६-२१ (मीटर रीडिंगचं स्टँडर्ड) वाला मीटर असेल तर सुरुवात ३०० बॉड, ७ बिट, इव्हन पॅरिटी. /?! पाठवून एंटर (सीआर एलएफ दोन्ही) दिलं की मीटर मेकची तीन अक्षरं सांगतो आणि पुढचा बॉड रेटही सांगतो. नवीन मीटर डीएलएमएस प्रोटोकॉलवाला, म्हणजे आयएस १५९५९ या भारतीय स्टँडर्डचा असेल तर मात्र असं हाताने जमत नाही, सॉफ्टवेअर लागतं आणि बहुतेक रजिस्टरला पासवर्ड, तो मीटरवाल्याकडूनच घ्यायचा. प्रोब पाठवतोय का बघायला फोनचा फ्रंट कॅमेरा धर, एलईडी जांभळट चमकताना दिसतो.

भोसरीकर_मेंटेनन्स
पण प्रोब चिकटवायला दार उघडावं लागणार ना? चालू पॅनेल उघडायला सेफ्टीवाले देत नाहीत, म्हणून तर लांबूनचं विचारत होतो

इन्स्ट्रुवाला
हो, प्रोब पोर्टला टेकूनच बसतो, ॲक्रिलिकच्या बाहेरून धरून चालणार नाही. शटडाऊनला ब्लूटूथवाला प्रोब आत कायमचा बसव, सप्लाय आतूनच दे. लोखंडी दारातून सिग्नल येणार नाही पण ॲक्रिलिकची खिडकी असेल तर तिच्यातून येतो.

पीएलसी_सांगली
एवढं करण्यापेक्षा मीटरच्या मागे बघ, आरएस४८५ (दोन वायरचा सिरीयल पोर्ट, टर्मिनलला ए बी लिहिलेलं असतं) असेल तर दोन वायर बाहेर काढ आणि मॉडबस प्रोटोकॉलवर पीएलसी किंवा कॉम्प्युटरमध्ये घे, रीडिंग आपोआप येतं, कोणी जायलाच नको. स्लेव्ह आयडी (मीटरचा मॉडबस नंबर) आणि बॉड रेट मीटरच्या मेनूत असतो. मेक मॉडेल टाक इथे, रजिस्टर मॅप (कुठलं रीडिंग कुठल्या नंबरवर त्याची यादी) असेल माझ्याकडे तर देतो.

भोसरीकर_मेंटेनन्स
मागे ए बी लिहिलेले दोन टर्मिनल आहेत खरे!! रविवारी शटडाऊन आहे, नेमप्लेटचा फोटो काढून टाकतो