नववीतल्या मुलीसाठी: आधी कारखाना बघू द्या

ताई, मुलीला सुट्टीत केमिकल कंपनीत महिनाभर काम मिळेल का, असं विचारलंय तुम्ही. खरं सांगते, नाही मिळणार, आणि ते बरोबरच आहे. बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक उद्योगात कामाला ठेवताच येत नाही.

पण बघायला तर जाता येतं! गाळप हंगामात जवळच्या साखर कारखान्याला शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. उसाच्या रसात चुना घालून गाळ खाली बसवणं, मग दाब कमी केलेल्या पॅनमध्ये कमी तापमानाला रस आटवून दाणा धरणं, हे सगळं एकाच छताखाली दिसतं. केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे हेच.

मी स्वतः दहावीत असताना जलशुद्धीकरण केंद्रात गेले होते. सहा चंचुपात्रांत गढूळ पाणी, प्रत्येकात तुरटीचं प्रमाण वेगळं. ढवळणं थांबलं आणि एका पात्रात कापसासारखे पुंजके भराभर खाली बसले. तिथल्या केमिस्ट मॅडम म्हणाल्या, "आजचा डोस हा." म्हणजे त्या पात्रातल्या प्रमाणात आज पाण्यात तुरटी घालायची. त्या दिवशी माझं ठरलं.

जाताना वही, पायात बंद बूट. आणि प्रश्न तिलाच विचारू द्या, तुम्ही मागे थांबा.