मदत हवी आहे: आईने पाणी पिणं जवळजवळ सोडलंय, कसं समजावू?

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरला, मानेवाड्यात राहतो. आई ७१ वर्षांची, बीपीची गोळी चालू आहे आणि बाहेर पारा ४५ ला टेकलाय. चार दिवसांआधी माझ्या भाच्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकला की डायहायड्रोजन मोनॉक्साइड नावाचं केमिकल नळातून घरोघरी येऊन राहिलंय, श्वासात गेलं तर जीव जातो, वाफेने भाजतं, लोखंडाला गंज चढतो, कॅन्सरच्या गाठीतही सापडतं. पोरगा अकरावीत आहे, गंमत म्हणून टाकलं, ते पाण्याचंच नाव, दोन हायड्रोजन एक ऑक्सिजन. पण आईने ते अख्खं नाव कॅलेंडरच्या मागे पेनाने उतरवून घेतलं आणि तेव्हापासून दिवसाला दोन ग्लासच्या वर पाणी नाही. माठ रिकामा करून गॅलरीत पालथा घातलाय. आरओचंही नको म्हणते.

मी म्हटलं अगं ते पाणीच आहे, तर म्हणे पाणीच आहे तर एवढं मोठं नाव कशाला, पाण्यात मिसळलेलं काहीतरी असेल. मोरीतल्या जुन्या नळाची तोटी दाखवली, हे बघ गंज. आता पाण्याने गंज चढतोच ना, मेसेजमधलं एकही वाक्य खोटं नाही म्हणून तर खोडून काढता येऊन नाही राहिलं. मग अमेरिकेतलं सांगितलं, १९९७ मध्ये आयडाहोतल्या नेथन झोनर नावाच्या १४ वर्षांच्या मुलाने सायन्स प्रोजेक्टसाठी हीच माहिती ५० मुलांना दिली आणि ४३ जण म्हणाले बंदी घाला. आई म्हणते, बघ, तिथल्या पोरांनीही बंदीच मागितली. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात अलिसो व्हिएहो शहराची नगरपालिका, हे केमिकल फोमचे कप बनवताना वापरतात म्हणून, त्या कपांवर बंदी आणायला निघाली होती, ते मी सांगितलंच नाही.

आई सातवी शिकलेली, पण आम्हा तिघांचा अभ्यास तिनेच घेतला. आपण फसलो असं तिला वाटायला नको. कसं सांगू?

विदर्भकर: ताई, आधी तब्येत बघा. चक्कर येते का, लघवी कमी किंवा गडद होते का? तसं असेल तर आजच डॉक्टरकडे न्या, या उन्हात वाट पाहू नका. ताक, पन्हं घेतात का?

धागाकर्ती: चक्कर वगैरे नाही. ताक दोनदा घेते, त्यात पाणी मीच घालते.

रिटायर्ड मास्तर: भीती नावाची आहे, तर स्वयंपाकघरातलीच नावं सांगा. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, पानाला लावतो तो चुना कॅल्शियम हायड्रॉक्साइड. मग मेसेज त्यांनाच मोठ्याने वाचू द्या, ते नाव आलं की तिथे पाणी म्हणायचं. आणि फोन भाच्यालाच करायला लावा.

धागाकर्ती: सर, खूप खूप आभार. काल भाच्याने फोन केला, आजी माझं चुकलं म्हणाला आणि दोघांनी मिळून मेसेज वाचला. "पाणी श्वासात गेलं तर जीव जातो" इथे आई थांबली, म्हणाली हे तर मी तुला अंबाझरी तलावावर नेताना नेहमी सांगायची. मग लगेच ग्लासभर प्यायली. माठ भरलाय, वाळला होता म्हणून आज पाणी तेवढं गार नाही झालं.