एकच 'टर्न', पण फिरवलं, फिरलं की झाला? (लिंकिंग, ट्रान्झिटिव्ह, इन्ट्रान्झिटिव्ह)

एकानं विचारलंय की इंग्रजीत लिंकिंग व्हर्ब (जोडणारं क्रियापद) कुठलं, ट्रान्झिटिव्ह (सकर्मक) कुठलं आणि इन्ट्रान्झिटिव्ह (अकर्मक) कुठलं हे कसं ओळखायचं, यादी मिळेल का. यादी मिळते हो, कुठल्याही गाईडात असते, पण यादीनंच घात होतो. माझी भाची इथं कोल्हापुरातच नववीला आहे, तिनं लिंकिंग व्हर्बची यादी तोंडपाठ केलेली, त्यात टेस्ट (चवीचं) होतं, म्हणून 'शी टेस्टेड द रस्सा' ह्या वाक्यापुढं तिनं बिनधास्त लिंकिंग लिहिलं आणि मार्क गेला. "मामा, यादीत तर आहे की!" म्हणून रडायलाच आली.

पोरीचं काय चुकलं नाही, तिला शिकवलंच तसं. क्रियापदावर कायमचा शिक्का नसतो, ते त्या वाक्यात काय काम करतंय ते बघायचं. आणि हे बघायला मराठीच लई उपयोगी पडते, कारण इंग्रजी जिथं एका शब्दावर भागवते तिथं आपण बहुतेक वेळा वेगवेगळे शब्द वापरतो.

मी तिला गुऱ्हाळावरचं उदाहरण दिलं, ती दरवर्षी गावाकडं जाते तिथलंच. चुलवाणावर काहिल, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, चढलीय, जाळ घालणारा जाळव्या आत चिपाडं सारतोय, गूळ करणारा गुळव्या मळी काढतोय. आता तीन वाक्यं बघा. 'ही टर्न्ड द व्हील', त्यानं चाक फिरवलं. 'द व्हील टर्न्ड', चाक फिरलं. 'द ज्यूस टर्न्ड गोल्डन', रस सोनेरी झाला. इंग्रजीत तिन्हीकडं टर्न्डच, आपल्याकडं फिरवलं, फिरलं, झाला. फिरवलं म्हटलं की काय फिरवलं ते सांगावं लागतं, चाक हे कर्म, म्हणून सकर्मक, तेच ट्रान्झिटिव्ह. फिरलं म्हटलं की विषय तिथंच संपला, अकर्मक. आणि तिसऱ्यात रसानं कशाला काही केलेलं नाही, सोनेरी हा शब्द रसाबद्दलच सांगतोय, ते कर्म नव्हे तर पूरक, आणि टर्न्ड नुसतं दोघांना जोडतंय, ते लिंकिंग. खात्री करायची तर तिथं वॉज घालून बघा, 'द ज्यूस वॉज गोल्डन' चालतं, 'ही वॉज द व्हील' म्हटलं तर माणूसच चाक होतो.

रश्श्याचंही तसंच. तिनं रस्सा चाखला, सकर्मक. रस्सा तिखट लागला, लिंकिंग. चाखणं आणि लागणं ह्यात आपला कधी घोटाळा होतो का? मग टेस्टमध्येही व्हायला नको. लुकला बघणं आणि दिसणं, स्मेलला वास घेणं आणि वास येणं, फीलला चाचपणं आणि वाटणं. 'ही लुक्ड अँग्री' म्हणजे तो चिडलेला दिसला, आणि 'ही लुक्ड अँग्रिली ॲट मी' म्हणजे त्यानं माझ्याकडं रागानं बघितलं. लिंकिंगनंतर विशेषण का येतं ते इथं आपोआप कळतं, कारण ते कर्त्याचं वर्णन असतं, क्रियेचं नव्हे. म्हणून रस्सा 'टेस्ट्स गुड', वेल नाही.

पुढं नाम आलं की पोरं जास्त गोंधळतात. 'माय सिस्टर बिकेम अ डॉक्टर', 'माय सिस्टर मॅरीड अ डॉक्टर'. रचना हुबेहूब सारखी. पण पहिल्यात बहीण आणि डॉक्टर एकच माणूस, दुसऱ्यात दोन. एकच असेल तर लिंकिंग, संपलं.

पण ह्याच मॅरीपाशी मराठी आपल्याला फसवते, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण व्याकरणाचा पेपर सुटला तरी बोलताना ही चूक राहते. आपण 'डॉक्टरशी लग्न केलं' म्हणतो, त्या 'शी'पायी 'मॅरीड विथ' तोंडात येतं. 'त्याबद्दल चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट', 'कोल्हापूरला पोचलो' म्हणून 'रीच्ड टू कोल्हापूर'. ही तिन्ही अशा वाक्यात ट्रान्झिटिव्ह आहेत, कर्म थेट घेतात, मध्ये काही लागत नाही. उलट लिसन अकर्मक, आपण 'गाणं ऐक' म्हणतो म्हणून 'लिसन धिस साँग' होतं, तिथं मात्र टू पाहिजेच. अराइव्ह पण तसंच, 'अराइव्ड इन कोल्हापूर'.

खाली एका ताईंनी लिहिलंय की भूतकाळात कर्त्याला 'नं' लागला की सकर्मक, त्यानं भाकरी खाल्ली, तो पडला. बरोबर आहे ताई, मराठीसाठी चांगली खूण आहे, पण ती साडी नेसली, तो नाव विसरला, तो धडा शिकला, इथं कर्म असून 'नं' नाही, आणि तो शिंकला म्हणणारेही आहेत, त्यानं शिंकलं म्हणणारेही आहेत. म्हणून ती एकटी खूण पुरत नाही, काय किंवा कुणाला हा प्रश्न विचारूनच बघा.

आणि भाचीनंच मला नंतर पकडलं. "मामा, रस उकळला आणि गुळव्यानं रस उकळला, इथं मराठीत कुठं शब्द बदलला?" खरंच की! पडणं-पाडणं, फुटणं-फोडणं, आटणं-आटवणं अशा जोड्या ढिगानं आहेत, पण उकळणं इंग्रजी बॉईलसारखं दोन्हीकडं तेच राहतं. मग आम्ही दोघं शोधत बसलो, दार उघडलं नि त्यानं दार उघडलं, खुर्ची मोडली नि त्यानं खुर्ची मोडली, उकळणं धरून एवढी तीन सापडली. आणखी कुणाला सुचतात का, लिहा, तिच्या वहीत त्यासाठी पान मोकळं ठेवलंय.