वाळूतलं रोम: तुम्ही कशापाशी थांबलात?

गेल्या उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये प्राचीन रोमवरचं वाळूशिल्पांचं प्रदर्शन पाहिलं. सोबत सातवीतली लेक आणि पुण्याहून आलेली आई. लांडगीचं दूध पिणारे, रोम वसवणाऱ्या दंतकथेतले जुळे भाऊ रोम्युलस-रेमस, सिनेटमध्ये कोसळलेला सीझर, कलोसियम, असं सगळं ओळीनं होतं. मी सीझरपाशी रेंगाळेन असं वाटलं होतं, पण आईनं रोमवर चालून आलेल्या कार्थेजच्या सेनापतीच्या, हॅनिबलच्या हत्तींपाशी आम्हाला अर्धा तास उभं केलं. आल्प्सच्या कड्यावर पुढचा पाय टाकावा की नाही, अशा घालमेलीत थबकलेला हत्ती, आणि त्याच्या मानेवर वाकून बसलेला माहूत. "याच्या डोळ्यांत भीती आहे गं," आई म्हणाली. इ.स.पू. 218 मध्ये हॅनिबलनं हत्ती आल्प्सपार नेले खरे, पण इटलीतल्या पहिल्याच हिवाळ्यात ते जवळजवळ सगळे दगावले. घरी येऊन मी वाचत बसले. इतिहासकार पॉलिबियस या माहुतांना 'भारतीय' म्हणतो. त्या काळी हा शब्द माहूत या अर्थानंच रुळला होता, असं बरेच अभ्यासक मानतात. ऱ्होन नदी ओलांडताना काही हत्ती बिथरून पाण्यात पडले. सोंड वर धरून ते तळावरून चालत काठाला लागले, त्यांचे माहूत मात्र बुडाले. आईला हे सांगितलं, तर ती बराच वेळ गप्प होती.

असं काही तुम्हीही पाहिलं असेल तर लिहा. फोटोंपेक्षा तुमचा पाय कुठे अडला, ते वाचायला आवडेल.

*

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. बहिणीकडे बेल्जियमला गेलो होतो, तेव्हा समुद्रकाठच्या एका गावात असंच रोमचं प्रदर्शन लागलं होतं. माझं सगळं लक्ष हातांकडे. हातानं घडवायची शाडूची मूर्ती आपण पाटावर बैठकीपासून वर चढवत नेतो. चुकलं तर माती लावायची, पुन्हा दाबायची. वाळूत सगळं उलटं. फळ्यांची पेटी करून तिच्यात ओली वाळू थराथरानं भरतात, प्रत्येक थर यंत्रानं धुमसतात, त्यावर दुसरी पेटी, मग तिसरी. कोरायला सुरुवात माथ्यापासून. वरचं झालं की खालच्या फळ्या सोडवायच्या. एकदा खाली उतरलात की वर हात लावायला जागाच उरत नाही. काम करणाऱ्या बाईंना विचारलं, ही वाळू किनाऱ्यावरची का? त्या म्हणाल्या, नाही, समुद्राच्या वाळूचे कण घासून गोल झालेले असतात, एकमेकांना धरत नाहीत. कोनेदार कणांची, थोडी गाळ असलेली वाळू मुद्दाम आणवतात. कलोसियमच्या कमानींतला भुगा त्या नळीनं फुंकून काढत होत्या. शेवटी वरून पातळ गोंदाचा फवारा. मी हात जोडले आणि निघालो.

*

आईंच्या हत्तीवरून लिहायला बसले. माझं माहेर तेर, जिल्हा धाराशिव. मी जर्मनीत पाहिलेल्या प्रदर्शनात पाँपेई हे रोमन शहर होतं, इ.स. 79 चं. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत सापडलेली माणसं, कुणी तोंडावर हात घेतलेलं, कुणी पोराला पोटाशी धरलेलं. शेजारी पाटी होती: राखेत देह कुजून मागे पोकळी राहिली, 1863 मध्ये पुरातत्त्वज्ञ फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून माणसांचे आकार परत मिळवले. म्हणजे एकदा राखेनं धरून ठेवलेली माणसं आता वाळूनं धरली होती. मला तिथून हलवेना.

आणि त्याच पाँपेईत 1938 मध्ये आपल्याकडची एक हस्तिदंती बाईची मूर्ती सापडली. तिला बरेच जण लक्ष्मी म्हणतात, पण ती यक्षी असावी असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती आमच्या तेरला मिळाली. तेर म्हणजे जुनं तगर, पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात पैठणबरोबर ज्याचं नाव येतं ते. इथला माल बैलगाड्यांतून भडोचला आणि तिथून जहाजांनी पश्चिमेला जायचा. त्या वाळूच्या बायकांकडे बघताना सारखं वाटत होतं, यांच्यापैकी कुणाच्या तरी घरात ती असेल. कुणीतरी रोज तिच्यावरची धूळ पुसत असेल.

*

आम्ही गेलो त्याच्या आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता. सीझरचं नाक आणि त्याला मारणाऱ्या ब्रूटसचा खंजिराचा हात गेलेला. तिकिटं पूर्ण दरानं घेतली, वाईट वाटलं. आणखी एक, सासऱ्यांना चाकाची खुर्ची लागते. वाट भुसभुशीत होती, चाकं रुतत होती. जाण्याआधी फोन करून फळ्यांची वाट आहे का, ते जरूर विचारा.

*

मी कोल्हापूरचा. पोरानं वाळूचा नेपच्यून, म्हणजे समुद्रदेव पाहिला आणि ओरडला, "बाबा, आपल्या टाउन हॉलमधला!" कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला छोटा कांस्याचा पोसायडन त्याला शाळेच्या सहलीत टाउन हॉलच्या संग्रहालयात दाखवला होता. ग्रीकांचा पोसायडन तोच रोमनांचा नेपच्यून, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखलं त्यानं.

*

तेरच्या ताई, तुमचं लिहिलेलं आईला फोनवर वाचून दाखवलं. ती दिवाळीनंतर सोलापूरला मावशीकडे जाणार आहे. विचारतेय, तिथून तेर एका दिवसात होईल का?

*

सहज होईल. काकूंना सकाळी लवकर निघायला सांगा. तेरचं लामतुरे संग्रहालय निवांत बघायला दोन तास हवेत, त्रिविक्रमाचं विटांचं देऊळही जवळच आहे. जेवायला आमच्याकडेच या म्हणावं, माझी वहिनी घरी असते.