आर-चॉप केमो सोमवारी सुरू, हॉस्पिटल ९० किलोमीटर लांब : मधले २० दिवस घरी काय सांभाळायचं?

माळरान_४ | मंगळवार, रात्री ९:१०

सासरे, वय ६१, उंची १६० सेंमी, वजन ५८ किलो. मानेतली गाठ काढून बायॉप्सी झाली : डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), सीडी-२० पॉझिटिव्ह (रिटुक्सिमॅब ज्याला धरतं ते प्रथिन पेशींवर आहे). पेट स्कॅनवर स्टेज ३. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) ठीक आहे. मधुमेहाला मेटफॉर्मिन, बीपीला ॲम्लोडिपिन. येत्या सोमवारी आर-चॉपची (रिटुक्सिमॅब आणि आणखी चार औषधं मिळून होणारी केमो) पहिली सायकल, दर २१ दिवसांनी एक, अशा सहा. त्याच संध्याकाळी घरी सोडणार.

विचारायचं ते असं :
ताप आला तर आधी गावातल्या डॉक्टरांना दाखवायचं की थेट ९० किलोमीटर गाठायचं?
पेशी वाढवायचं पेगफिलग्रास्टिम मंगळवारी द्यायचं आहे. ते बरोबर आणून तालुक्यात टोचून घेतलं तर चालेल का? गावात लाइटचा भरवसा नाही.
जन आरोग्य योजनेची मंजुरी अजून पेंडिंग दाखवतेय.
आणि खाण्यापिण्याचं. गुळवेल, पपईच्या पानांचा रस, दूध-साखर बंद, जो येतो तो नवीन काहीतरी सांगून जातो.

---

डेकेअर_सिस्टर | मंगळवार, रात्री ११:२५

तापाचं आधी सांगते, बाकीचं थांबू शकतं.

केमोचा दिवस तो पहिला दिवस. पांढऱ्या पेशी साधारण ७व्या ते १४व्या दिवसात सगळ्यात खाली असतात. सोमवारी पहिला दिवस म्हणजे केमोनंतरच्या पहिल्या रविवारपासून त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत. पेगफिलग्रास्टिम घेतलं तरी हा खड्डा येतोच, फक्त उथळ आणि कमी दिवसांचा होतो. कॅलेंडरवर हे आठ दिवस लाल करून ठेवा.

डिजिटल थर्मामीटर दोन घ्या, एक ऐन वेळी बंद पडतोच. तोंडात जिभेखाली लावायचा, चहा प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबून. काखेत लावला तर आकडा अर्धा-एक डिग्री कमी येतो, तो धरून चला. गुदद्वारातून ताप बघायचा नाही, एनिमा किंवा सपोझिटरीही नाही. तिथली बारीकशी जखमसुद्धा या दिवसांत जंतूंना वाट देते.

१०१ एकदा आला, किंवा १००.४ तासभर टिकला, की निघायचं. रात्रीचे दोन असले तरी. आधी पॅरासिटामॉल देऊन 'उतरतोय का बघू' करायचं नाही. ताप उतरतो, जंतू तिथेच असतात. आणि पहिले पाच दिवस प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू असतं, ते तापाला झाकतं. त्यामुळे थंडी वाजून हुडहुडी भरली, बीपी नेहमीपेक्षा बरंच खाली आलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा लघवी एकदम कमी झाली, तर थर्मामीटर ९९ दाखवत असला तरी तो तापच समजा.

पहिला अँटिबायोटिक डोस दवाखान्यात पोचल्यापासून तासाच्या आत शिरेतून गेला पाहिजे. तुमचे ९० किलोमीटर म्हणजे दोन-अडीच तास. म्हणून सोमवारी डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र लिहून घ्या : निदान, कोणती केमो, कोणत्या तारखेला, आणि 'ताप आल्यास न्यूट्रोपेनिक (पांढऱ्या पेशी कमी झालेला) समजून शिरेतून अमुक अँटिबायोटिक, अमुक डोस, लगेच'. बहुतेक ठिकाणी पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम किंवा सेफेपिम २ ग्रॅम असतं, पण किडनीचे रिपोर्ट बघून तेच लिहितील. हे पत्र घेऊन त्याच आठवड्यात तालुक्याच्या डॉक्टरांना भेटा. तीनच गोष्टी विचारा : रात्री कोण असतं, हे इंजेक्शन कपाटात आहे का, ब्लड कल्चरच्या (रक्तातले जंतू शोधायच्या) बाटल्या आहेत का. कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घेतलेलं चांगलं, पण त्यासाठी डोस अडवायचा नाही. पहिला डोस तिथे, मग गाडी.

घोळ कुठे होतो तेही लिहिते. गावात ताप म्हटला की विडाल (टायफॉइडची) आणि डेंग्यूची तपासणी होते. विडाल कितीदा तरी उगाचच पॉझिटिव्ह येते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यू समजून सलाइन लावतात. केमो झालीय हे कोणी सांगितलेलंच नसतं. दोन दिवस त्यात जातात. म्हणून पत्र खिशात आणि पहिलं वाक्य तेच : 'अमुक तारखेला केमो झालीय.'

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आल्यावर नुसती एकूण डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) बघू नका. एकूण गुणिले न्यूट्रोफिलचे (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) टक्के, भागिले १००. उदाहरणार्थ डब्ल्यूबीसी ९०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के, म्हणजे २७०. हा आकडा ५००च्या खाली आणि अंगात ताप, म्हणजे इमर्जन्सी.

सोमवारबद्दल : रिटुक्सिमॅबच्या पहिल्या वेळी चार ते सहा तास लागतात, सकाळी लवकर पोचा. पहिल्या तास-दोन तासात थंडी, अंग खाजणं, घशात दाटल्यासारखं होणं, असं झालं की ताबडतोब सिस्टरला सांगायचं, सोसत बसायचं नाही. सलाइन थांबवून, औषध देऊन, पुन्हा हळू चालू करतात. त्यात बीपी उतरतं म्हणून त्या सकाळची ॲम्लोडिपिन घ्यायची की नाही हे आधीच विचारून ठेवा. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचं असतं, एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे. मात्र ते औषध जाताना सुईच्या जागी चुरचुरलं किंवा फुगलं, तर त्या क्षणी ओरडा. शिरेबाहेर गेलं तर कातडी जाळतं.

हिपॅटायटिस बीच्या कोणत्या तपासण्या झाल्यात ते कळवा.

---

गोळीपुडी | बुधवार, सकाळी ७:५०

फार्मसीच्या बाजूने.

आधी डोसचा हिशेब, बिल आणि बाटल्या ताडून बघायला. १६० सेंमी आणि ५८ किलो म्हणजे शरीराचं क्षेत्रफळ सुमारे १.६ चौरस मीटर. रिटुक्सिमॅब चौरस मीटरला ३७५ मिग्रॅ प्रमाणे ६०० मिग्रॅ, म्हणजे ५००ची एक आणि १००ची एक बाटली. सायक्लोफॉस्फामाइड ७५० प्रमाणे १२०० मिग्रॅ. डॉक्सोरुबिसिन ५० प्रमाणे ८० मिग्रॅ. व्हिन्क्रिस्टिन हिशेबाने २.२ येतं, पण ते २ मिग्रॅवर थांबवतात. आकडा वेगळा दिसला तर घाबरू नका, विचारा. लिव्हरमुळे कमी केलेला असू शकतो. वजन दर सायकलला नव्याने करायला लावा.

प्रेडनिसोलोन १०० मिग्रॅ रोज, पाच दिवस. २०च्या पाच गोळ्या किंवा ४०च्या अडीच, सकाळी नाश्त्यानंतर एकदम. सहाव्या दिवशी बंद. दोन चुका नेहमीच्या : गोळ्या उरल्या म्हणून चालू ठेवणं, आणि दुकानदाराने प्रेडनिसोलोनऐवजी मिथाइलप्रेडनिसोलोन देणं. दोन्हींची ताकद सारखी नाही, नाव पूर्ण वाचा.

मधुमेह आहे म्हणून हे महत्त्वाचं : सकाळी स्टेरॉइड घेतलं की साखर दुपारनंतर चढते. उपाशीपोटी १२० आणि संध्याकाळी ३५०, असं सर्रास होतं. म्हणून त्या पाच दिवसांत दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा. किती आकड्याला फोन करायचा हे सोमवारीच विचारा. इन्सुलिन लागलं तर सहाव्या दिवशी तेही कमी करावं लागतं, नाहीतर साखर खाली आपटते.

पेगफिलग्रास्टिम : ६ मिग्रॅची भरलेली सिरिंज, एकदाच. केमो संपून २४ तास झाल्यावरच, त्याआधी अजिबात नाही. सोमवारी चारला सलाइन संपलं तर मंगळवारी चारनंतर. सोबत न्यायला हरकत नाही, पण २ ते ८ अंशांत. तोंड रुंद असलेला थर्मास घ्या, तळाशी गोठवलेले जेलपॅक, वर जाड टॉवेलची घडी, मग खोक्यासकट सिरिंज. बर्फाला चिकटू द्यायची नाही. गोठलं की औषध वाया, आणि वितळल्यावर डोळ्यांना काही फरक दिसत नाही. फ्रिजमध्ये मधल्या फळीवर, दारात नाही. लाइट गेली तर दार उघडू नका. बाहेर किती तास टिकतं ते कंपनीगणिक वेगळं, खोक्यातला कागद वाचा. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर, हलवायची नाही. पोटाच्या कातडीखाली, बेंबीपासून चार बोटं लांब. त्यानंतर दोन-तीन दिवस कंबर आणि छातीचं हाड ठणकतं. पॅरासिटामॉल चालतं, पण प्रत्येक वेळी गोळीच्या आधी ताप मोजून वहीत लिहायचा.

व्हिन्क्रिस्टिन आतडी सुस्त करतं. लॅक्ट्युलोज १५ ते २० मिली रात्री, पहिल्या दिवसापासून, शौचाला नीट होत असलं तरी. नुसता इसबगोल कमी पाण्याबरोबर घेतला तर उलट गोळा बसतो. तीन दिवस शौच नाही आणि पोट फुगलंय, तर हॉस्पिटल. पुढच्या सायकलआधी हेही बघा : शर्टाची बटणं लावता येतात का, चप्पल पायातून निसटली तर कळतं का. नाही कळत, तर डोस लावायच्या आधी सांगायचं.

आणि नायट्याच्या गोळ्या. इट्राकोनाझोल आपल्याकडे चण्याफुटाण्यासारखं मिळतं. ते व्हिन्क्रिस्टिनबरोबर गेलं तर नसांना जबर इजा होते. सध्या घेत असतील तर सोमवारच्या आधी सांगा.

---

माळरान_४ | बुधवार, दुपारी १:३०

दोघांचे आभार. हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी (चालू संसर्ग दाखवणारी तपासणी) निगेटिव्ह आहे, एवढीच झालीय. पुरे ना? आणि नायट्याला मलम चालू आहे, गोळी नाही.

---

डेकेअर_सिस्टर | बुधवार, दुपारी २:०५

पुरे नाही. अँटी-एचबीसी टोटल (जुना संसर्गही दाखवणारी) हवी. फक्त ताजा संसर्ग दाखवणारी आयजीएम नव्हे, टोटल. जुना संसर्ग होऊन गेलेल्यात एचबीएसएजी निगेटिव्ह येते, पण विषाणू लिव्हरमध्ये निपचित पडलेला असतो. रिटुक्सिमॅब बी पेशी काढून टाकतं आणि तो उठतो, कधी उपचार संपल्यावर काही महिन्यांनी. लिव्हर निकामी होण्यापर्यंत जाऊ शकतं. उद्याच रक्त द्या, सोमवारच्या आत रिपोर्ट हातात येतो. पॉझिटिव्ह आली म्हणून केमो रद्द होत नाही. एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिरची रोज एक गोळी सुरू करतात आणि शेवटच्या रिटुक्सिमॅबनंतर किमान वर्षभर चालू ठेवतात. मधेच बंद करायची नाही, दुसऱ्या कोणी 'आता कशाला' म्हटलं तरी.

मलम चालेल, दाखवून ठेवा.

युरिक ॲसिड, पोटॅशियम, क्रिएटिनिन हेही पहिल्या सायकलआधी आणि नंतर दोन-तीन दिवसांत बघायला लावा. गाठी झपाट्याने विरघळल्या की त्यांचा मलबा किडनीवर येतो. ॲलोप्युरिनॉल त्यासाठी असतं. इको ठीक आहे तर दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, मोजून, तांब्याचा हिशेब ठेवून.

---

शिक्काकागद | बुधवार, रात्री ८:४५

योजनेचं. पेंडिंग म्हणजे बहुधा कागद अडलाय. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या माणसाला) गाठा आणि नेमका शेरा वाचून घ्या. नेहमीची कारणं तीन : रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नाही, बायॉप्सीचा रिपोर्ट जोडला पण आयएचसीचा (गाठीचा प्रकार ठरवणाऱ्या तपासणीचा) राहिला, किंवा फोटो पुसट. मंजुरी उपचाराआधी लागते. आधी पैसे भरून मागाहून मिळतील असं धरू नका. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांची मर्यादा आहे, पण पॅकेजमध्ये रिटुक्सिमॅब बसतं का आणि किती सायकल, हे स्पष्ट विचारून लिहून घ्या. नसेल बसत तर बायोसिमिलरचा (दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या तशाच औषधाचा) दर विचारा. भारतात ते २००७पासून आहे आणि भाव विचारूनच घ्यायचं औषध आहे, कारण छापील किंमत आणि हातात पडणारी किंमत यात मोठी तफावत असते.

पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड पॅथॉलॉजीतून पावती देऊन ताब्यात घ्या. परळला टाटात किंवा आणखी कुठे दुसरं मत घ्यायचं झालं तर ते ब्लॉकच मागतात. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही, मेण वितळतं. पेटचा रिपोर्ट नव्हे, सीडीसुद्धा सांभाळा. मधला स्कॅन पहिल्याशी ताडून बघतात.

रेल्वेने गेलात तर कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत, सोबतच्या एकाला ७५ टक्के. फॉर्म हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा लागतो. एसटीतही सवलत आहे, आगारात विचारा.

---

डेकेअर_सिस्टर | बुधवार, रात्री १०:१५

खाण्याचं राहिलं होतं.

गुळवेल नको. तिच्यामुळे लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवलेत. केमोत एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीतला आकडा) वाढलं तर कोणामुळे वाढलं ते कळत नाही आणि सायकल लांबते. पपईचा रस त्याच कारणासाठी नको. दूध बंद करायचं कारण नाही, उकळून द्या. साखर मधुमेहासाठी कमी, लिम्फोमासाठी नव्हे.

कच्ची मोड आलेली मटकी, कोशिंबीर, बाहेरची चटणी, बर्फ घातलेला उसाचा रस, हे त्या आठ दिवसांत बंद. केळी, संत्री, घरी सोललेलं डाळिंब चालेल. वरण-भात, अंडं पूर्ण शिजलेलं, गरम भाकरी, जे जाईल ते थोडं-थोडं.

मिश्री लावत असतील तर ती बंद. हिरड्या सोलवटतात आणि जंतू तिथून शिरतात. मऊ ब्रश, आणि दिवसातून चार-पाच वेळा पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खाण्याचा सोडा घालून चुळा.

सीबीसी १०व्या दिवशी सांगतील, म्हणजे दुसऱ्या आठवड्यातला बुधवार. १४वा दिवस रविवारी येतोय. तालुक्यातली लॅब रविवारी उघडी असते का, ते आत्ताच विचारून ठेवा.