स्वच्छ वीज म्हणे! मग जादूगोड्याचा गाळ कुणाच्या परसात?

कातळसडा: काल एका विद्वानांनी इथे लिहिलं, "अणुविजेला धूर नाही, राख नाही. जैतापूरचा अणुप्रकल्प अडवून कोकणाने महाराष्ट्राचं वाटोळं केलं." धूर नाही, कबूल. पण युरेनियम काय झाडाला लागतं? झारखंडात जादूगोड्याला टनभर दगड दळला तरी किलोभर युरेनियम हाती लागत नाही. उरलेला गाळ रेडियमसकट आदिवासी गावांना लागून असलेल्या तळ्यांत. २००६ च्या डिसेंबरात गाळ वाहून नेणारा पाइप फुटला आणि सगळं नाल्यात. आणि म्हणे स्वच्छ!

राखरांगोळी: मी चंद्रपूरचा. २९२० मेगावॅटचा थर्मल आमच्या उशाशी. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय आई घरात घेत नाही. २०२२ च्या जुलैत नागपूरजवळच्या कोराडी थर्मलचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, शेतं राखेने भरली. किती धागे निघाले इथे? कोकणात खांब रोवला तरी अख्खी मुंबई गळा काढते.

हिशेबी: कातळसडा, जैतापूरच्या फ्रेंच बनावटीच्या ईपीआर अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागतं, ते परदेशातून येणार होतं. जादूगोड्याचा इथे संबंध काय? आधी वाचा, मग लिहा.

कातळसडा: परदेशातून म्हणजे आभाळातून का? नायजरमध्ये आर्लीतची फ्रेंचांची एक खाण २०२१ ला बंद झाली, मागे दोन कोटी टन गाळ. आणि तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीबाहेर आहेत, त्यांना आयात युरेनियम चालत नाही. देशातलंच लागतं. आता सांगा संबंध.

हिशेबी: तारापूरचं मान्य. तेवढंच.

राखरांगोळी: कातळसडाभाऊ, राहता कुठे?

कातळसडा: डोंबिवलीत. का?

राखरांगोळी: वाटलंच. गावचं घर गणपतीत आठ दिवस उघडायचं, उरलेलं वर्ष आमच्या कोळशावर एसी.

कातळसडा: एसी नाही माझ्याकडे. आणि चाकरमान्याला गावाबद्दल बोलायचा हक्क नाही हे कुणी ठरवलं? सातबारावर नाव आहे माझं.

आंबेमोहर: सातबाऱ्याचं नका काढू. माझ्या आजोळची जमीन माडबनजवळ जैतापूर प्रकल्पात गेली. २०१३ ला हेक्टरी साडेबावीस लाख ठरले, तोवर विरोधाचे फलक आमच्याच ओटीवर रंगत होते. मग मुंबईचे दोन्ही मामा धावत आले, आईला म्हणाले "तुझं लग्नात झालंय ना सगळं", आणि हक्कसोडावर सही घेतली. किरणोत्सर्गाचं मला कळत नाही. भाऊ कळले.

हिशेबी: हे भूसंपादनाचं दुखणं झालं, अणुविजेचं नव्हे.

आंबेमोहर: तुमची नसेल गेली जमीन.

राखरांगोळी: आमच्याकडे कोळशाच्या खाणीतही हेच. चेक आला की बहीण परकी.

हिशेबी: पुन्हा मुद्द्यावर. जैतापूर अडलं ते केवळ कोकणामुळे, हे मीही म्हणत नाही. त्याच जातीची फ्लामांविलची अणुभट्टी फ्रेंचांनी २००७ ला बांधायला घेतली, ग्रिडला जोडली २०२४ च्या डिसेंबरात. घरचंच उरकेना त्यांना. पण वीज लागते तर कुठला तरी गाळ कुणाच्या तरी वाट्याला येणारच, हे बोला ना उघड.

कातळसडा: बोलतो. फक्त तो "कुणीतरी" दरवेळी तुमच्या सोसायटीबाहेरचाच कसा निघतो?

राखरांगोळी: हे मात्र बरोबर बोलला डोंबिवलीकर. खसाळ्यावर धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

कातळसडा: काढतो. शीर्षक तुम्ही द्या, नाहीतर म्हणाल, कोकण्याने राखही पळवली.